युरियाची साक्ष

विद्यापीठांत जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासास नव्यानें आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याला एक शंका हटकून येते. शरीरांतील घडामोडी जाणून घेणें हा जर हेतु, तर सेंद्रिय रसायनशास्त्रांतील सूत्रें आणि अणूंच्या सांखळ्या आधीं कशासाठीं गिरवावयाच्या? या शंकेचें समाधान युरिया या एका साध्या पदार्थाच्या इतिहासांत सांपडतें.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं पदार्थांचे दोन वर्ग मानीत. मीठ, चुना इत्यादि निरिंद्रिय; साखर, तेल इत्यादि सेंद्रिय. सेंद्रिय पदार्थ सजीवांच्या देहांतच उत्पन्न होतात, कारण ते घडविणारी जीवनशक्ति तेथेंच वास करते, असें अनेक विद्वानांचें मत होतें. इ. स. १८२८ मध्यें बर्लिन येथें फ्रीड्रिख व्होलर या तरुण रसायनज्ञानें या मतास मोठा धक्का दिला. चांदीचें सायनेट आणि नवसागर यांच्यापासून अमोनियम सायनेट हा क्षार करावा, असा त्याचा बेत होता. हातीं आलेले पांढरे स्फटिक मात्र युरियाचे निघाले. म्हणजे जो पदार्थ तोंवर मूत्रांतून मिळे, तोच. मनुष्याच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडावांचून आपणांस युरिया करितां येतो, असें त्यानें आपले गुरु बर्झेलियस यांना कळविलें.

या प्रयोगांत आणखी एक मर्म होतें. अमोनियम सायनेट व युरिया या दोहोंतही कार्बनचा १, ऑक्सिजनचा १, नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणु असतात. भेद केवळ मांडणीचा. ‘नव’ या शब्दाचीं अक्षरें उलट मांडलीं कीं ‘वन’ होतें, तसाच हा प्रकार. पदार्थांत काय आहे एवढें कळून भागत नाहीं. तें कसें जोडलेलें आहे, हेंही कळावें लागतें. सूत्रें गिरवावयाचीं तीं यासाठींच.

जीवनशक्तीची कल्पना मात्र एका दिवसांत लयास गेली नाहीं. शिवाय कांचपात्रांत युरिया झाला, म्हणून शरीर तो कसा करतें हें उमगलें, असेंही नव्हे. तें शोधण्याचें काम जीवरसायनशास्त्राचें. इ. स. १९३२ मध्यें जर्मनींत हान्स क्रेब्स व कुर्ट हेन्सेलाइट यांनीं यकृताच्या पातळ चकत्यांवर प्रयोग करून ही वाट दाखविली. अन्नांतील प्रथिनांचें विघटन होतांना विषारी अमोनिया निर्माण होतो. यकृतांत तो कार्बन डायऑक्साइडसह ऑर्निथिन या अमिनो आम्लाशीं जोडला जातो. त्यापासून सिट्रुलिन व पुढें आर्जिनिन तयार होतें. आर्जिनिन फुटून युरिया सुटतो. रहाटाचें गाडगें रितें होऊन पुन्हां विहिरींत उतरावें, तसें ऑर्निथिन मोकळें होऊन नव्या फेऱ्यास सिद्ध होतें.

हे सर्व फेरे शरीराच्या बेताच्या उष्णतेंत घडतात, ते एंझाइमांमुळें. हीं एंझाइमें तरी कशाचीं? याचें उत्तरही युरियाच्याच निमित्तानें मिळालें. अमेरिकेंत जेम्स समनर यांनीं इ. स. १९२६ मध्यें अबईच्या जातकुळींतील जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांतून, युरियाचें विघटन करणारें युरिएज हें एंझाइम स्फटिकरूपांत वेगळें काढलें आणि तें प्रथिन असल्याचें दाखविलें. अनेक तज्ज्ञांनीं कित्येक वर्षें तें मानलें नाहीं. पण १९४६ मध्यें समनर यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

ही चर्चा केवळ ग्रंथांतली नव्हे. यकृत निकामी झालें तर अमोनिया रक्तांत सांचून रोग्याचें भान हरपूं शकतें. मूत्रपिंडें थकलीं तर युरिया सांचतो. रक्तपरीक्षेच्या कागदावरील युरियाचा आंकडा वैद्याला हीच वार्ता सांगत असतो. तो पदार्थ कोणता हें सेंद्रिय रसायनशास्त्र सांगतें, तो कोठून आला व कां अडला हें जीवरसायनशास्त्र. आणि रोग्याला दोन्ही उत्तरांची गरज असते.