उलटी-जुलाबानंतर हातपाय गळाले? बेरियमचं विष असू शकतं, डॉक्टरांपासून पुडी लपवू नका

उंदीर मारायची काही औषधं, केस काढायची काही पावडर, फटाक्यांची दारू आणि विटा-टाइल्स बनवताना वापरायचं रसायन, यात बेरियम या धातूचे विषारी क्षार असू शकतात. यातलं बेरियम कार्बोनेट दिसायला अगदी मैद्यासारखं. वास नाही, चव नाही. म्हणूनच पिठात मिसळलं तरी कळत नाही. चमचाभर पावडरही जिवावर बेतू शकते.

शरीरात काय होतं?

स्नायू आणि हृदय नीट चालायला पोटॅशियम लागतं. ते पेशींच्या आत-बाहेर ये-जा करत असतं. बेरियम त्याची बाहेर यायची वाट अडवतं, आत जाणं मात्र चालूच राहतं. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह पाणी एकाच बाजूला जाऊ देतो, तसाच हा प्रकार. रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि स्नायू लुळे पडू लागतात.

लक्षणं कशी ओळखायची?

काही मिनिटांपासून काही तासांत पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात. तोंडाभोवती मुंग्या येतात. घरच्यांना वाटतं, शिळं खाल्लं असेल. पण पुढे हातपाय गळतात, उठता येत नाही, मान धरवत नाही. नाडी अनियमित होते. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. यात फसवणारी गोष्ट म्हणजे माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. ‘बोलतोय ना, मग सकाळी बघू’ असं म्हणून थांबू नका.

उपचार आहेत का?

आहेत, आणि वेळेत मिळाले तर माणूस वाचतो. डॉक्टर ईसीजी काढतात, रक्त तपासतात आणि सलाईनमधून मोजून पोटॅशियम देतात. गरज पडली तर व्हेंटिलेटर लावतात, डायलिसिस करतात. पोटातलं बेरियम निकामी करायला सल्फेटचं औषध पाजलं जातं. सल्फेटशी जुळलं की त्याचं बेरियम सल्फेट होतं आणि ते विरघळत नाही. एक्स-रेच्या आधी पाजतात ते हेच बेरियम सल्फेट. शुद्ध असेल तर ते रक्तात न उतरता शौचावाटे निघून जातं. पण २००३ साली ब्राझीलमध्ये अशाच औषधात बेरियम कार्बोनेट मिसळलेलं निघालं आणि रुग्ण दगावले.

पुडी का लपवायची नाही?

उंदराच्या औषधांचेही प्रकार आहेत. झिंक फॉस्फाईड वेगळं, पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट वेगळी, बेरियम वेगळं. प्रत्येकाचा उपचार वेगळा. पोटॅशियम अंदाजाने देता येत नाही, चुकीच्या माणसाला दिलं तर हृदय बंद पडू शकतं. त्यामुळे नाव कळणं महत्त्वाचं. पण पोलीस केस होईल, गावात बोभाटा होईल या भीतीने काही घरचे ‘जेवण बाधलं’ एवढंच सांगतात. त्यात मोलाचे तास जातात. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानायचं आणि तिला शिक्षा करायची नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. तेव्हा डॉक्टरांना खरं सांगा.

घरच्यांनी काय करावं?

- लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.
- पुडी, डबा, उरलेली पावडर सोबत न्या. किती आणि कधी पोटात गेलं ते सांगा.
- मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवू नका.
- औषध धान्याच्या कोठीजवळ किंवा डाळ-पिठाच्या जुन्या डब्यात ठेवू नका. मूळ पुडीतच, कुलपात ठेवा.
- सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला बंदी घातली. तरी जुने फटाके माळ्यावर पडून असतील, तर ते पोरांच्या हाती लागू देऊ नका.