मनमाडला उतरून

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत मी २००३ साली रुजू झालो. तेव्हा नाशिक म्हटलं की कँटीनमध्ये पहिला प्रश्न यायचा, ‘शिर्डीजवळ ना?’ त्या वर्षी सिंहस्थ होता. आईचा फोन आला : नोकरी लागली म्हणून काय, रामकुंडात एक बुडी मारून जा. कर्नाटक एक्स्प्रेसने मनमाडला उतरलो आणि पुढे एसटी.

मामांची बाग दिंडोरीकडे. सरकारचं २००१चं वाइन धोरण आल्यावर त्यांनी एक एकर थॉमसनची खायची द्राक्षं मोडून वाइनची कलमं लावली होती. मी एक मणी तोंडात टाकला : बारीक, जाड सालीचा, बिया दाताखाली करकरल्या. ‘हे खायचं नसतं रे,’ मामा म्हणाले. गंगापूर धरणाजवळच्या सुलाची वाइन बाजारात येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. ऑफिसात सगळे ते नाव परदेशी समजत. संस्थापक राजीव सामंतांच्या आईच्या ‘सुलभा’वरून ते आलंय, हे सांगून मी भाव खायचो.

मग मुंबईवरचा हल्ला झाला, मंदी आली, हॉटेलं ओस पडली. मामांशी करार केलेल्या वायनरीने २००९ला माल उचललाच नाही. घड वेलीवरच सुकले. डावण्या, भुरीसारख्या रोगांना माणूस फवारणीने तरी तोंड देतो, याला काय फवारणार? त्यांनी वेली उपटल्या आणि पुन्हा थॉमसन लावली. जिल्ह्यात असे पुष्कळ.

इकडे २०१०ला होसूर रोडवरचा उड्डाणपूल सुरू झाला. २०१२ला नंदी टेकड्यांच्या पायथ्याची ग्रोव्हर वायनरी नाशिककडच्या झाम्पा वायनरीशी जोडली गेली. आमची टीम नंदीला सहलीला गेली, तेव्हा ‘तुमचं नाशिक’ असं पहिल्यांदा ऐकलं. मी गावी निघालो की बाटल्यांच्या फर्माइशी सुरू झाल्या.

बाबांच्या अस्थी घेऊन गेलो तो श्रावण होता. गोदेचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेलं. नाशिककर पूर असाच मोजतो : कंबर, छाती, गळा. विसर्जन करून ओल्या धोतराने पायऱ्या चढलो, तर फोनवर निरोप : ‘दोन रेड आण.’ राग आला नाही. आणल्या. मामींनी त्या जुन्या साडीत गुंडाळून बॅगेत भरल्या आणि वर गोडा मसाला ठेवला.

२०२७ला पुन्हा सिंहस्थ. टीममधले दोघे येणार म्हणतायत. आधी वायनरी की आधी कुंड, यावर त्यांचा वाद चाललाय. मामींना विचारलं. म्हणाल्या, ‘आधी कुंड. नंतर पाय लटपटतात.’