बारावीनंतर लेक परदेशात शिकेल का?

गटातल्या पुष्कळ जणी हे विचारतात. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती भूमिहीन शेतमजुरांच्या आणि अनुसूचित जातींच्या मुलांनाही मिळते. पण ती पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहे. म्हणजे लेकीनं आधी वर्धा-हिंगणघाटला पदवी घेतली, तरी ती वाट मोकळीच राहते. बारावीनंतर लगेच जायचं असेल, तर जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती आहे. विज्ञान शाखेला इंग्रजी, गणित, विज्ञान अशा विषयांची लेखी परीक्षा आणि मग मुलाखत. निवड झाली की फी माफ, दरमहा खर्चाला पैसे, विमानभाडंही मिळतं. पहिलं वर्ष जपानी भाषा शिकायची. म्हणून अकरावीपासूनच गुणपत्रिका, पासपोर्ट यांवर नाव सारखं आहे ना, ते बघू. ‘पैसे भरा, शिष्यवृत्ती नक्की’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवू.