सुबाभळीचा पाला आणि कोठीपोटातले जिवाणू

सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची. १९७० च्या दशकात उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी तिचा आपल्याकडे मोठा प्रसार केला. उन्हाळ्यातही हिरवा राहणारा, प्रथिनांनी भरलेला पाला कोणाला नको असेल? पण एकूण चाऱ्यात सुबाभूळ तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका, असे जाणकार बजावत. कारण त्या पाल्यातले, विशेषतः कोवळ्या शेंड्यांतले, मिमोसिन हे विषारी द्रव्य.

कोठीपोटातले जिवाणू मिमोसिनचे डीएचपी नावाचे दुसरे रसायन करतात आणि हे डीएचपी थायरॉईडच्या मुळावर येते. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर चरणाऱ्या गुरांच्या शेपटीचा गोंडा झडायचा, तोंडातून लाळ गळायची, गलगंड व्हायचा. समोर चारा असून जनावर खंगत जायचे. हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला पोटभर खाऊन ठणठणीत! इंडोनेशियात, तिमोर बेटावरच्या अमारासी भागात तर दावणीची गुरे जवळजवळ सुबाभळीवरच पोसली जात.

मिमोसिन कमी असलेली जात काढण्याची खटपट चालू असतानाच सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियातल्या संशोधन संस्थेच्या रेमंड जोन्स यांनी १९८१ मध्ये वेगळी शंका मांडली: हवाईतल्या जनावरांच्या पोटात डीएचपीचाही फडशा पाडणारे जिवाणू असतील का? या साऱ्या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही शंका. १९८४ मध्ये इंडोनेशियातल्या शेळीच्या कोठीपोटातला द्रव ऑस्ट्रेलियातल्या शेळ्यांच्या पोटात सोडल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्या शेळ्याही डीएचपी पचवू लागल्या. हवाईच्या शेळ्यांतले जिवाणूही ऑस्ट्रेलियातल्या गुरांत रुजले. १९९२ मध्ये मिल्टन ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या एका जिवाणूचे नाव जोन्स यांच्यावरूनच ठेवले: सिनर्जिस्टेस जोन्सिआय.

ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवली जाते, आणि ते मला खटकते. पुढे क्वीन्सलँडमध्ये जिवाणू पाजलेल्या कळपांतही डीएचपीची बाधा आढळली. उलट, जिथे तो कोणी मुद्दाम सोडला नव्हता अशा देशांतल्या जनावरांतही हा जिवाणू थोड्या संख्येने सापडू लागला. गेल्या दशकातल्या अभ्यासांनी यकृताकडे बोट दाखवले. जनावर हळूहळू सरावले की यकृत डीएचपीला दुसऱ्या रेणूशी जखडून निरुपद्रवी करते आणि ते लघवीवाटे निघून जाते. कोठीपोट आणि यकृत यांच्यात या कामाची वाटणी नेमकी कशी होते, यावर अजून वाद आहे. गोठ्यात मात्र एवढे आजही पाळावे: उपाशी जनावर सुबाभळीत एकदम सोडू नये, पाला थोडा थोडा वाढवत न्यावा आणि गाभण जनावराला बेतानेच घालावा.