प्रक्रियकाची स्पंद-कंप्रता

प्रक्रियकाची स्पंद-कंप्रता : संगणकाच्या प्रक्रियकातील सर्व क्रिया एका घड्याळ-मंडलाकडून येणाऱ्या नियमित विद्युत् स्पंदांच्या तालावर घडतात. दर सेकंदास येणाऱ्या या स्पंदांच्या संख्येस स्पंद-कंप्रता म्हणतात. ती मेगॅहर्ट्‌झ (दर सेकंदास दहा लक्ष आवर्तने) किंवा गिगॅहर्ट्‌झ (एक अब्ज आवर्तने) या एककांत मोजतात. इंटेल कंपनीच्या ४००४ या पहिल्या सूक्ष्मप्रक्रियकाची (१९७१) कंप्रता एक मेगॅहर्ट्‌झपेक्षाही कमी होती. ८०८६ची (१९७८) ५ मेगॅहर्ट्‌झ, तर पेंटियमची (१९९३) आरंभी ६० व ६६ मेगॅहर्ट्‌झ होती.

पेंटियमच्या विकासकार्याचे नेतृत्व केल्याबद्दल ख्याती पावलेले विनोद धाम यांचा जन्म पुणे येथे १९५० मध्ये झाला. १९९५ मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. पुढे ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि नेक्सजेनच्या आराखड्यावरून के६ हा पेंटियमचा प्रतिस्पर्धी १९९७ मध्ये बाजारात आला. एकाच अभियंत्याचा हात दोन्ही पक्षांच्या यंत्रांस लागावा, हे या स्पर्धेचे एक वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

स्पर्धेचा कळस २००० मध्ये झाला. ६ मार्च रोजी एएमडीने १ गिगॅहर्ट्‌झचा ॲथलॉन जाहीर केला व दोनच दिवसांनी इंटेलने त्याच कंप्रतेचा पेंटियम ३ पुढे आणला. त्यानंतर घाईने काढलेला १·१३ गिगॅहर्ट्‌झचा पेंटियम ३ सदोष ठरल्याने ऑगस्टमध्ये परत घ्यावा लागला. ग्राहक केवळ आकडा पाहून यंत्र घेत असल्यामुळे आकडा वाढविणे हेच ध्येय होऊन बसले होते. वास्तविक संगणकाची कार्यक्षमता ही कंप्रता आणि दर स्पंदास पार पडणारे काम यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. पेंटियम ४मध्ये (नोव्हेंबर २०००) प्रत्येक आज्ञेचे काम २० लहान टप्प्यांत विभागले होते. त्यायोगे कंप्रता वाढली, पण दर स्पंदागणिक होणारे काम घटले. यास उत्तर म्हणून एएमडीने २००१ मध्ये प्रत्यक्ष कंप्रतेऐवजी तुलनात्मक अंक छापण्यास प्रारंभ केला. उदा., ‘१८००+’ असे नाव असलेल्या ॲथलॉन एक्सपीची खरी कंप्रता १·५३ गिगॅहर्ट्‌झ होती. हा अंक अगदीच निराधार नव्हता. तथापि सामान्य ग्राहकाचा गोंधळ त्याने वाढलाच.

भाकिते व मर्यादा : १९९३ ते २००० या सात वर्षांत कंप्रता ६० वरून १,००० मेगॅहर्ट्‌झवर गेली, म्हणजे ती सु. पावणेदोन वर्षांत दुप्पट होत होती. हाच आलेख सरळ पुढे ओढल्यास २००६च्या सुमारास १० गिगॅहर्ट्‌झ हा आकडा येतो. पेंटियम ४ची रचना तेथवर पोचेल, अशी अपेक्षा इंटेलनेही बाळगली होती. प्रत्यक्षात २००४ मध्ये ३·८ गिगॅहर्ट्‌झवर गाडी अडली. ४ गिगॅहर्ट्‌झचा जाहीर झालेला प्रक्रियक त्याच वर्षी रद्द करण्यात आला.

याचे कारण उष्णता. खर्च होणारी शक्ती कंप्रतेच्या व विद्युत् दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते. ट्रँझिस्टर लहान झाला की दाबही कमी करता येतो, त्यामुळे कंप्रता वाढवूनही तेवढ्याच क्षेत्रफळावरील उष्णता कायम राहते, असे रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखविले होते. भाकिते याच गृहीतकावर उभी होती. परंतु ट्रँझिस्टर अतिसूक्ष्म झाल्यावर तो बंद असतानाही त्यातून प्रवाह झिरपू लागला, आणि दाब आणखी खाली आणणे अशक्य झाले. टप्प्यांची संख्या ३१ वर नेलेल्या २००४च्या पेंटियम ४चा व्यय शंभर वॉटच्या पुढे गेला. मूर यांचा अंदाज ट्रँझिस्टरांच्या संख्येविषयी होता, वेगाविषयी नव्हे. ही गल्लत मात्र सर्रास केली जाई. ट्रँझिस्टरांची संख्या पुढेही वाढतच राहिली. त्यांचा उपयोग एकाच चकतीवर अनेक गाभे बसविण्यासाठी होऊ लागला, व २००५ मध्ये दोन्ही कंपन्यांचे द्विगाभा प्रक्रियक घरगुती संगणकांत आले. २०२४ मध्येही सर्वोच्च कंप्रता ६·२ गिगॅहर्ट्‌झ एवढीच होती, आणि तीही अल्पकाळ टिकणारी.

पुण्याच्या महासंगणकांत हा बदल स्पष्ट दिसतो. अमेरिकेने महासंगणकांच्या विक्रीवर घातलेल्या निर्बंधांमुळे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभारला. एकच अतिवेगवान प्रक्रियक हाती नसल्याने त्यात अनेक साधे ट्रान्सप्यूटर समांतर जोडले होते. नाइलाजाने पत्करलेला हा मार्ग पुढे सर्वांनाच घ्यावा लागला. टाटा समूहाच्या पुण्यातील ‘एक’ या महासंगणकात (२००७) ३ गिगॅहर्ट्‌झचे इंटेल झिऑन प्रक्रियक होते व तो जगात चौथा ठरला. सी-डॅकच्या परम सिद्धि-एआयमधील (२०२०) एएमडी प्रक्रियकांची मूळ कंप्रता २·२५ गिगॅहर्ट्‌झच आहे, परंतु प्रत्येकात ६४ गाभे आहेत. गणनाचा मोठा भार तर एनव्हिडियाच्या आलेखी प्रक्रियकांवर असतो, ज्यांची कंप्रता याहूनही कमी आहे.