थीम अपडेट झाली आणि नंबर गेले

अम्गऱ्याला ज्यांचं काम पडायचं त्यांना तिथलं गाड्यांचं भंगार आठवत असेलच. मोडक्या गाड्यांच्या रांगा. कुणी दार न्यायचा, कुणी आरसा. आम्ही तिघे त्याच भागात नोकरीला, आणि शुक्रवारी मंडळाची वेबसाइट सांभाळतो. जो पार्ट सुटा निघतो तो कामाला येतो, वेल्डिंग केलेला गाडीबरोबर जातो, हे रोज डोळ्यांनी बघत होतो. तरी साइट बांधताना सगळं वेल्डिंगच केलं!

साइट वर्डप्रेसवर आहे. थीम म्हणजे तिचा पेहराव. आम्ही तयार थीम घेतली आणि तिच्याच फायलींत हात घातला. रंग बदलले, बोधचिन्ह बसवलं आणि तळाच्या पट्टीच्या फायलीत अडीअडचणीचे फोन टाइप केले: रक्तदाते, रात्री गाडी काढणारे, कागदपत्रं करून देणारे. पुढे थीमचं अपडेट आलं, आम्ही बटण दाबलं. नव्या फायली जुन्यांवर बसल्या नि आमचं सगळं पुसलं गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आठवड्यानं मध्यरात्री एका वहिनींचा फोन. नवरा ऑपरेशनला, रक्त हवं होतं. "भावजी, साइटवर नंबरच दिसत नाहीत हो, कुणाला फोन करू?" आमच्यातल्या एकाच्या जुन्या डायरीत यादी होती म्हणून निभावलं. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

आता मजकूर थीममध्ये नाही. नंबर वेगळ्या पानावर, म्हणजे डेटाबेसमध्ये. थीम ते फक्त दाखवते. आमचे बदल 'चाइल्ड थीम'मध्ये. वेगळं फोल्डर करायचं, त्यातल्या स्टाइल.सीएसएसच्या माथ्यावर 'टेम्प्लेट' या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव लिहायचं, झालं. मूळ थीम खुशाल अपडेट होवो. मात्र मूळची जी फाइल चाइल्डमध्ये उतरवून घ्याल, तिच्यातल्या पुढच्या दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत. म्हणून नडेल तेवढीच घ्यावी. गणेशोत्सवाच्या नावनोंदणीसारखं काम प्लगइनमध्ये ठेवावं, नाहीतर पेहराव बदलला की नोंदणीही बंद. आणि अपडेट आधी साइटच्या नकलेवर करून बघावं. (हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. आम्ही ऐकलं नव्हतं.)

मराठीची दुखणी वेगळी. इंग्रजी मथळे ऐटदार दिसावेत म्हणून थीमवाले अक्षरांत अंतर सोडतात. देवनागरीत त्यानं शिरोरेषा तुटते आणि 'मंडळ'चे तुकडे होतात. ते अंतर शून्य करावं. दोन ओळींत जागा जास्त द्यावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. पानाची भाषा 'एमआर' अशी नोंदवावी. ज्या फॉन्टमध्ये सोय असते त्यात मग ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, हिंदीच्या नाही. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' फुकट मिळतो, आम्ही तोच वापरतो. श्रीलिपीत टाइप केलेले जुने अंक मात्र आधी युनिकोडमध्ये आणावे लागले, तिथं कुठलीच थीम मदत करत नाही.

आणि आपण राहतो कुवेतला! हॉलच्या परवानगीची अरबी सूचना लावली तर ती उजवीकडून सुरू व्हायला हवी. म्हणून मोकळी जागा 'डावीकडे' अशी न सांगता 'ओळीच्या सुरुवातीला' अशी सांगावी. सीएसएसमध्ये तशी सोय आहे.

नंबरांचं पान आता दर तिमाहीला तपासतो. वहिनींनी त्याची छापील प्रत फ्रिजवर लावली आहे. साइटवर त्यांचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.