नांगराने नाकारलेली जमीन

जमिनीची किंमत ठरविताना व्यवहारी माणूस काही ठरावीक प्रश्न विचारतो. रस्ता जवळ आहे का? पाणी आहे का? पीक काय निघते? शहर किती दूर? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर तो सौदा सोडून देतो आणि बहुधा त्याचे काही चुकतही नाही. मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगातील काही अत्यंत नावाजलेली गोल्फ मैदाने अशाच सोडून दिलेल्या जमिनींवर उभी राहिली. ती बांधणाऱ्यांनीही इतक्या यशाची अपेक्षा केली नव्हती. गोल्फची काठी कधी हाती न धरलेल्या व्यापारी कुटुंबांनाही या मैदानांचा इतिहास उद्बोधक वाटावा असा आहे.

खेळाचे मूळ रेताड पट्ट्यात

गोल्फचे पूर्ण मैदान अठरा होलचे असते. चेंडू काठीने टोलवीत क्रमाक्रमाने एकेका होलपर्यंत न्यायचा आणि कमीत कमी टोल्यांत तो त्यात घालायचा, इतकाच या खेळाचा गाभा. तो वाढला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधला वाळूच्या टेकड्यांचा पट्टा तेथे ‘लिंक्स’ म्हणून ओळखला जातो. तेथे धान्य पिकत नसे. मेंढ्या चरत आणि लोक खेळत. वाळूतून पावसाचे पाणी लगेच निचरून जाई, समुद्रावरचा वारा गवत खुरटे ठेवी आणि जमिनीचे चढउतार निसर्गानेच घडविलेले असत.

विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, हे मूळ मागे पडले. बंगल्यांच्या वसाहतींची किंमत वाढावी म्हणून मैदाने बांधली जाऊ लागली. यंत्रांनी माती उपसून कृत्रिम टेकड्या आणि तळी तयार होऊ लागली. खेळाडू पायी चालण्याऐवजी छोट्या गाड्यांतून फिरू लागले. मैदान शहराजवळ हवे, हवा सौम्य हवी आणि शेजारी विकण्याजोगी घरे हवीत, हा त्या धंद्याचा रूढ हिशेब झाला.

त्या हिशेबाला पहिला मोठा धक्का नेब्रास्का राज्यात बसला. तेथील मलन या लहानशा गावाजवळ, मोठ्या शहरांपासून फार दूर, गवताळ वाळूच्या टेकड्यांमध्ये १९९५ साली ‘सँड हिल्स’ हे मैदान सुरू झाले. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या रचनाकारांनी तेथे माती फारशी हलविली नाही. टेकड्यांमधून हिंडून त्यांनी निसर्गतः तयार असलेल्या शंभरांहून अधिक होलच्या जागा हेरल्या आणि त्यांतून अठरा निवडल्या. एवढ्या आडबाजूला कोण येणार, ही शंका मैदान पाहणाऱ्यांनीच मोडीत काढली.

शुभेच्छापत्रांचा व्यापारी

या परंपरेतील सर्वांत बोलके उदाहरण ओरेगॉन राज्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील बँडन या गावाचे आहे. तेथील मैदानांचे संस्थापक माइक कायझर यांनी आपली संपत्ती शुभेच्छापत्रांच्या धंद्यात मिळविली. १९७१ साली महाविद्यालयातील मित्र फिल फ्रीडमन यांच्यासह त्यांनी शिकागोत ‘रिसायकल्ड पेपर ग्रीटिंग्ज’ ही कंपनी काढली. जुन्या कागदापासून पुन्हा तयार केलेल्या कागदावर पत्रे छापून विकण्याची कल्पना त्या काळी नवलाची होती. इतरांनी टाकून दिलेल्या वस्तूकडे नव्याने पाहण्याची सवय त्यांना अशी धंद्यातूनच लागलेली होती.

गोल्फमधला त्यांचा पहिला प्रयोग लहान होता. मिशिगन राज्यात आपल्या सुटीतील घराशेजारी त्यांनी केवळ नऊ होलचे मैदान बांधले. या कामातील खाचाखोचा तेथे शिकून घेतल्यावरच त्यांनी मोठ्या जागेचा शोध सुरू केला. १९९१ साली बँडनच्या उत्तरेला सुमारे १,२०० एकर किनारी जमीन त्यांनी विकत घेतली.

ही जमीन अन्य कोणाला नको होती, याला कारणे होती. पोर्टलंड शहरापासून मोटारीने तेथे पोहोचायला चार-पाच तास लागत. वारा सोसाट्याचा, पाऊस भरपूर. सारा परिसर गॉर्स नावाच्या काटेरी झुडपाने व्यापलेला. हे झुडूप एकोणिसाव्या शतकात आयर्लंडहून आलेल्या एका रहिवाशाने तेथे लावले होते. त्यात तेलाचा अंश असल्याने ते भडाभडा पेटते. १९३६ साली याच झुडपांनी आग पसरविली आणि जवळजवळ सारे बँडन गाव जळून गेले. पुढे लाकूड आणि मासेमारी हे तेथील दोन्ही जुने धंदे उतरणीला लागले. तरुणांना काम मिळेनासे झाले.

जमीन खरेदी केली म्हणून बांधकाम करता येईल, असेही नव्हते. ओरेगॉनमध्ये १९७३ पासून भूमिवापराचे कायदे अतिशय कडक आहेत. हॉवर्ड मक्की या सहकाऱ्याच्या मदतीने परवानगी मिळविण्यात कित्येक वर्षे गेली. या काळात भांडवल अडकून पडलेले होते आणि उत्पन्न काहीच नव्हते.

रूढ हिशेबाविरुद्धचे निर्णय

कायझर यांनी नामांकित रचनाकार नेमला नाही. डेव्हिड मॅक्ले किड या विशीतल्या स्कॉटिश तरुणावर त्यांनी काम सोपविले. त्याचे वडील ग्लेनईगल्स येथील मैदानांची देखभाल करीत. म्हणजे मैदानाच्या कामाचे ज्ञान त्याला घरातूनच मिळालेले होते. खेळण्यासाठी गाड्यांना मज्जाव केला गेला. सर्वांनी पायी चालावे, हवे तर सामान उचलायला सोबत कॅडी घ्यावा, असा नियम झाला. समुद्राकाठची सर्वांत देखणी जागा विक्रीच्या घरांसाठी राखण्याऐवजी खेळासाठी दिली गेली. आणि मैदान केवळ सभासदांपुरते न ठेवता पैसे भरणाऱ्या कोणालाही खुले ठेवले. यांपैकी गाड्यांचे भाडे आणि घरांची विक्री ही तर त्या धंद्यातील उत्पन्नाची हमखास साधने मानली जात. ती आपण होऊन सोडणे जाणकारांना धाडसाचे वाटले.

मे १९९९ मध्ये ‘बँडन ड्यून्स’ सुरू झाले आणि खेळाडूंची संख्या संस्थापकांच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक निघाली. जागा दूर असल्याने येणारा माणूस दोन तासांत परतत नसे. तीन-चार दिवस राहत असे, जेवत असे, रोज खेळत असे. ज्या अंतराला सर्वांनी दोष दिला होता, त्यानेच मुक्कामाचे उत्पन्न वाढविले. गाड्या नसल्यामुळे कॅडींची मागणी वाढली आणि आसपासच्या गावांतील शेकडो लोकांना काम मिळाले. गावाच्या साऱ्या अडचणी संपल्या असे म्हणता येणार नाही, कारण पर्यटनाची मिळकत हंगामावर हलते. पण ज्या किनाऱ्यावरून माणसे कामासाठी बाहेर जात होती, तेथे माणसे बाहेरून येऊ लागली.

विस्तारही बेताबेताने झाला. टॉम डोक यांनी रचलेले ‘पॅसिफिक ड्यून्स’ २००१ साली, ‘बँडन ट्रेल्स’ २००५ साली, ‘ओल्ड मॅकडोनाल्ड’ २०१० साली आणि ‘शीप रँच’ २०२० साली खुले झाले. २०२० सालीच अमेरिकेची मानाची हौशी अजिंक्यपद स्पर्धा येथे खेळली गेली.

बटाट्याचा शेतकरी

बँडनच्या यशाचा ध्वनी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उमटला. ब्रिडपोर्टजवळ रिचर्ड सॅटलर यांची मोठी शेती होती. ते बटाटे पिकवीत आणि गुरे पाळीत. शेत आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या टेकड्या शेतीच्या दृष्टीने कुचकामी होत्या. तेथे जागतिक दर्जाचे मैदान होईल, असे ग्रेग रॅमझी या तरुणाने सुचविले, तेव्हा गोल्फ न खेळणाऱ्या सॅटलर यांना ते पटणे कठीणच होते. अखेर टॉम डोक आणि माइक क्लेटन यांनी रचना केली व २००४ साली ‘बार्नबूगल ड्यून्स’ उभे राहिले. काही वर्षांतच त्याची गणना जगातील उत्तम मैदानांत होऊ लागली. २०१० साली शेजारी बिल कूर यांचे ‘लॉस्ट फार्म’ आले. त्यात अठराऐवजी वीस होल आहेत, कारण चांगल्या जागा वीस सापडल्या.

राखेवरचे गवत

मोंटाना राज्यातील अ‍ॅनाकोंडा गावाची कथा अधिक गंभीर आहे. १८८० च्या दशकापासून तेथे तांबे गाळले जाई. १९८० साली कारखाना बंद पडला. गावाच्या हाती उरले ती बेकारी, आर्सेनिकने दूषित माती आणि काळ्या मळीचे डोंगर. १९८३ साली अमेरिकी सरकारने हा परिसर देशातील अतिदूषित स्थळांच्या यादीत घातला. नुसते कुंपण घालून जागा बंद ठेवण्याऐवजी तेथे गोल्फचे मैदान करावे, हा विचार गावकऱ्यांतून पुढे आला. सफाईची जबाबदारी असलेल्या कंपनीने खर्च उचलला, दूषित भूमीवर स्वच्छ मातीचे आवरण चढले आणि विख्यात खेळाडू जॅक निक्लॉस यांच्या रचनेनुसार १९९७ साली ‘ओल्ड वर्क्स’ खुले झाले. तेथील बंकरमध्ये पांढऱ्या वाळूऐवजी तांब्याच्या भट्टीची काळी मळी भरलेली आहे. गावाने आपला इतिहास लपविला नाही. त्यावरच खेळ मांडला.

सावधगिरीचा शब्द

अर्थात टाकाऊ जमीन म्हटली की यश मिळतेच, असे नाही. वॉशिंग्टन राज्यातील ‘चेंबर्स बे’ हे मैदान वाळू आणि खडीच्या जुन्या खाणीत २००७ साली झाले आणि अवघ्या आठ वर्षांत तेथे अमेरिकन ओपन स्पर्धा भरली. जॉर्डन स्पीथ विजयी झाले. पण होलभोवतालच्या खडबडीत हिरवळीवर खेळाडूंनी कडाडून टीका केली. पुढे त्या हिरवळीवरील गवताची जातच बदलावी लागली. जागा असामान्य असली, तरी रोजच्या देखभालीतील उणीव गिऱ्हाईक माफ करीत नाही.

यशस्वी मैदानांचा ताळा मांडला, तर काही गोष्टी समान दिसतात. जमिनीचा स्वभाव ओळखून मगच रचना झाली. गिऱ्हाईक कोण, हे आधी ठरले आणि इतरांसाठी नियम सैल केले गेले नाहीत. पहिले काम स्थिरावल्यावरच दुसऱ्याला हात घातला गेला. आणि परवानगीची, गवत रुजण्याची वाट पाहण्याइतके भांडवल व धीर दोन्ही शिल्लक होते. यांतील एकही गोष्ट केवळ गोल्फपुरती नाही.

बँडनमध्ये २०१२ साली ‘बँडन प्रिझर्व्ह’ हे तेरा होलचे छोटे मैदान झाले. सिल्व्हरी फसेलिया या दुर्मिळ किनारी वनस्पतीचे तेथे जतन केले जाते. या मैदानाचा निव्वळ नफा दक्षिण ओरेगॉनच्या किनाऱ्याचे संवर्धन आणि तेथील लोकांचे जीवनमान यांसाठी खर्च होतो. पूर्वी ज्या जमिनीचा कोणी भाव करीत नव्हते, ती आज आपल्या शेजारच्या किनाऱ्याचाही भार उचलीत आहे.